विनंती थांबा

परतवाडा आगारातले जुने लोक माझ्या बाबांना मास्तर म्हणत. एसटीत वाहकाला मास्तरच म्हणतात. संध्याकाळी आगारामागच्या मैदानावर आम्ही मुलीही त्यांना मास्तर म्हणायचो, कारण तिथे ते आम्हाला बेसबॉल शिकवायचे. दोन्हीकडे त्यांना एकच नाव पुरत होतं.

सामना सुरू झाला की बाबा पहिल्या बेसशेजारी चुन्याने आखलेल्या चौकोनात जाऊन उभे राहत. बॅटिंग करणाऱ्या संघाचा एक माणूस तिथे उभा राहू शकतो. बेसवर आलेल्या खेळाडूला थांब की पळ, हे सांगणं त्याचं काम. बाबा ते तोंडाने सांगत नसत. तिकिटाची यंत्रं आल्यावर निकामी झालेला, वाहकाचा तिकिटं टोचायचा जुना लोखंडी चिमटा त्यांच्या हातात असे. एकदा 'टक्' वाजला की थांबायचं. 'टक् टक्' वाजलं की सुटायचं. गाडीतली सिंगल बेल आणि डबल बेल असते, तसंच.

माझ्यासाठी तो चिमटा फारसा वाजला नाही. मी पहिल्या बेसवर थांबायचेच नाही. एक तर चेंडू कुंपणाबाहेर टोलवायचा आणि सगळ्या बेसना पाय लावत सरळ होम प्लेटवर, म्हणजे घरी यायचं. नाहीतर तीन चेंडू हुकून, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन, बाद आणि मान खाली घालून बाकावर परत. कुंपणाबाहेर टोला गेला की मी त्यांच्यासमोरून पळत जायचे, आणि ते ओरडायचे, "विनाथांबा चालली वं माही पोरगी! एखाद्या वेळी विनंती थांबा घेत जाय ना! दोन शब्द बोलता येतीन!"

हात केला तरच गाडी जिथे थांबते, तो विनंती थांबा. बाबांच्या लेखी पहिला बेस तसा होता. पिचरने गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या ठरलेल्या चौकटीबाहेर चार चेंडू टाकले आणि तुम्ही ते न मारता सोडून दिले, तर पहिला बेस फुकट मिळतो. काही करायचं नसतं, फक्त हात आवरायचा असतो. मला नेमकं तेच जमत नव्हतं.

मी तिसऱ्या बेसवर फील्डिंग करते. खो-खोत तयार झालेले पाय आहेत, माझ्या बाजूने चेंडू सहसा जात नाही. बॅटचा जोर तर पुरुषांच्या संघातही कौतुकाचा विषय होता. तरीही भारताच्या महिला संघाच्या निवडीत दोनदा माझं नाव शेवटच्या दिवशी गळलं. दुसऱ्या वेळी निवड समितीच्या बाईंनी मला बाजूला बोलावून सांगितलं, "समिधा, तुझा हात आणि तुझा ग्लोव्ह, दोन्ही पहिल्या रांगेतले. पण तू बेसवर पोचतच नाहीस गं. संघाला दर वेळी षटकार नको असतो."

मला कारण माहीत होतं. लहानपणी मी गल्लीत मुलांबरोबर क्रिकेट खेळले. तिथे घोट्याशी पडणारा चेंडू सोडला की दांडी गुल. बेसबॉलमध्ये तोच चेंडू सोडला तर पंच तो माझ्या बाजूने मोजतो. डोक्याला हे कळत होतं. पण मागे यष्ट्या नसतात, हे माझ्या मनगटांना कधी पटलंच नाही.

बाबा मार्चमध्ये गेले. आगारातच, चहा पिता पिता. शेषराव काका, म्हणजे त्यांच्या गाडीचे जुने ड्रायव्हर, समोर बसले होते. त्यांना वाटलं, मास्तर विचार करतायत.

*

डॉ. मृणाल धर्माळे जूनमध्ये मैदानावर आल्या. खेळाडूंच्या मेंदूवर त्या संशोधन करत होत्या आणि त्यांच्या प्रयोगशाळेला माझ्यासारख्या खेळाडू हव्या होत्या: ताकद भरपूर, पण हात आवरत नाही. त्यांच्या हातात कपाळाला बांधायची एक पातळ काळी पट्टी होती.

त्यांनी जमिनीवरच बसून मला समजावलं. पिचरच्या हातातून सुटलेला चेंडू बॅटपर्यंत यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. त्यातला निम्मा वेळ चेंडू ओळखण्यात जातो. मग मेंदू हाताला हुकूम सोडतो. हुकूम सुटल्यावरही तो परत बोलावता येतो, पण अगदी थोडा वेळच. पापणी लवायच्या आत ती संधी संपते. मेंदूत उजव्या बाजूला, कपाळाच्या मागे, हा हुकूम परत बोलावणारं एक जाळं असतं. कुणाचं ते चपळ असतं, कुणाचं सुस्त.

"तुझं सुस्त आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पट्टी दोन कामं करते. तुझा मेंदू हुकूम सोडायच्या तयारीत आहे, हे तिला आधी कळतं. चेंडू कुठे जाणार, हे मैदानावरचा कॅमेरा तिला सांगतो. चेंडू बाहेरचा असेल, तर ती त्या जाळ्याला अगदी बारीकसा विजेचा धक्का देते. तुला जाणवणारही नाही. असं काही आठवडे केलं की जाळं आपणहून चपळ होतं. मग पट्टीची गरज उरत नाही. सामन्यात पट्टी चालतच नाही, सरावात चालते."

"म्हणजे ब्रेक लावून देता," रुखसार म्हणाली. रुखसार आमची कॅचर, बॅटिंग करणारीच्या मागे बसून चेंडू झेलणारी. अचलपूरची. तिच्यासमोर कुणाला गंभीर राहणं जमत नाही. "डॉक्टर, हिले हँडब्रेकच लावा. साधा ब्रेक हिच्यावर चालत नाही."

"कायमचं राहतं का?" मी विचारलं.

"साधारण दोन महिने. मग उजळणी करावी लागते. नाही केली तर हळूहळू ओसरतं."

मी हो म्हटलं. पुढच्या जानेवारीत नागपूरला निवड होती आणि माझ्या वयाच्या मुलीला तिसरी संधी हीच शेवटची असते.

पट्टीने काम केलं. पहिल्या आठवड्यात काही फरक पडला नाही. दुसऱ्या आठवड्यात एक चेंडू घोट्याशी वळला आणि माझी बॅट खांद्यावरून निघून मध्येच थांबली, जणू कुणी मागून पदर धरला. रुखसार मास्कच्या आडून ओरडली, "या अल्ला! सोडला!"

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली. बाबा गेल्यापासून मला अवेळी रडू येत असे. न्हाणीघरात, बाजारात, एकदा तर बँकेत, कॅशियरने बाबांसारखा चष्मा कपाळावर सरकवला तेव्हा. ते बंद झालं. हुंदका घशापर्यंत येई आणि तिथेच थबके. मला हलकं वाटलं. दुःख कमी होत चाललंय, असा मी त्याचा अर्थ लावला. सगळे म्हणतात ना, वेळ हेच औषध.

*

दिवाळीआधीच्या स्पर्धेत मी पहिल्या बेसवर पोचू लागले. वर्तमानपत्रात कोपऱ्यात का होईना, बातमी आली. बाबांच्या चौकोनात आता जिची बॅटिंगची पाळी लांब असेल ती कुणीही उभी राहायची. पहिल्यांदा चार चेंडू सोडून मी तिथे गेले, तेव्हा पायाखाली बेस होता, शेजारी पांढरा चौकोन होता, आणि त्यात बाबा नव्हते. मला हे सगळं स्पष्ट दिसलं. आत काहीच हललं नाही.

दिवाळीनंतर शेषराव काका घरी आले. आगार आता पुरता बदलला होता. नव्या गाड्यांना वाहक नसतो, थांब्याचं नाव गाडी स्वतःच बोलते. जुनी कपाटं काढताना बाबांचा कप्पा निघाला होता. काकांनी रुमालाची गाठ सोडली. आत चिमटा होता.

"वहिनी, हे भंगारात चाललं होतं," काका म्हणाले. "मी म्हटलं, बापा, याचा आवाज ऐकून मी अर्धी जिंदगी ब्रेक मारला. हे कसं काय भंगार?"

मग ते चिमटा दाबू गेले. पण तो वाजायच्या आत त्यांचाच बांध फुटला. आई पदर तोंडाला लावून रडू लागली. मी मध्ये बसले होते. आईच्या पाठीवर ठेवायला मी हात उचलला.

हात अर्ध्यावर थांबला.

मी त्याच्याकडे पाहत राहिले. माझाच हात, हवेत, ना पुढे जात ना मागे येत. मग मी तो मांडीवर ठेवला आणि काकांना विचारलं, "चहा ठेवू का?"

काका गेल्यावर आईने डोळे पुसले आणि ती माझ्याकडे वळली. "तू पाहुण्यासारखी वागून राहिली वं घरात," ती म्हणाली. "मी काही बोलली की तू आधी थांबतं, मग उत्तर देतं. त्या दिवशी सुरी लागली तुले, रक्त आलं, तर नुसती पाहत बसली. माय, मले भेव वाटते."

"मी ठीक आहे," मी म्हणाले. पण ते म्हणायच्या आधीसुद्धा मी थांबले होते. या वेळी ते माझ्याही लक्षात आलं.

*

डॉक्टर धर्माळेंनी मी सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, याचा मला थोडा राग आला. म्हणजे थोडासा, लांबून.

"आणखी काही जणींनी असं कळवलंय," त्या म्हणाल्या. "एक टेनिसची मुलगी म्हणते, विनोद कळतो पण हसू उशिरा येतं. मेंदूत थांबवणारं जाळं एकच आहे, समिधा. हाताला थांबवणारं वेगळं आणि शब्दाला थांबवणारं वेगळं, असं नाही. हुंदका ही मेंदूच्या लेखी एक हालचालच. आम्हाला वाटलं होतं, खेळापुरतं राहील."

"उजळणी नाही केली तर?"

"जानेवारीपर्यंत ओसरेल."

"आणि निवड जानेवारीत."

"हो." त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. "तुला खरं सांगते, मलाही उत्तर माहीत नाही. चेंडू सोडण्यात दोन भाग असतात. बाहेरचा आहे हे ओळखणं, आणि हात थांबवणं. थांबवणं पट्टीने केलं. पण इतके महिने तू रोज शेकडो चेंडू शेवटपर्यंत बघतेयस. आधी तू ते बघतच नव्हतीस, मारत होतीस. त्यातून ओळखणं किती शिकलीस, ते ब्रेक निघाल्याशिवाय कळणार नाही."

"आणि काहीच शिकले नसेन तर?"

"तर तू पुन्हा विनाथांबा." मी त्यांना बाबांचा शब्द कधी सांगितला होता, मला आठवेना. बहुतेक रुखसारने सांगितला असावा.

उजळणीची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची होती. रात्री जेवताना मी आईला दोन्ही बाजू सांगितल्या. पट्टी बांधली तर संघात जाण्याची शक्यता मोठी. नाही बांधली तर काही सांगता येत नाही. आईने माझ्या ताटात भाजी वाढली.

"खेळाचं मले काय कळते? ते तुझं तू पाह्य," ती म्हणाली. "माह्यापुरतं विचारशील तर, एकटीनं रडून कंटाळली मी."

सकाळी मी गेले नाही.

*

ब्रेक सैल झाल्याची पहिली खूण स्वयंपाकघरात मिळाली. भाकरी उलटताना बोट तव्याला लागलं आणि मी "आई गं!" म्हणून किंचाळले. आई धावत आली. तिने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग बोटाकडे.

"ओरडली!" ती म्हणाली, आणि चक्क हसली.

दुसरी खूण मैदानावर. घोट्याशी आलेल्या चेंडूवर माझी बॅट वाऱ्यासारखी फिरली आणि मी गोल फिरून खाली बसले.

"आली वं आपली जुनी समिधा," रुखसार म्हणाली. "मले तर आठवण येऊन राहिली होती."

"हसू नको. जानेवारीत काय करू?"

"तुझ्या डोक्यात स्टंप आहेत ना? मग मागं वळून पाह्य, आहेत का नाही ते."

ती थट्टा करत होती, पण मी खरंच वळून पाहिलं. मागे फक्त रुखसार होती, उकिडवी बसलेली, आणि तिच्यामागे मोकळं मैदान. वाचवायला काहीच नव्हतं. पुढचा चेंडू पुन्हा खाली आला. माझी मनगटं उचलली, आणि बॅट निघायच्या आत मला कळलं, हा बाहेरचा आहे. पट्टीच्या दिवसांत हात आधी थांबायचा आणि कारण मागून कळायचं. आता कारण आधी आलं. हात कुरकुरत थांबला.

मग आम्ही तोच नेम केला. प्रत्येक चेंडूआधी मी मान वळवून मागे बघायचं. कधी बॅटशिवाय नुसती उभी राहून चेंडू सुटताच "आत" किंवा "बाहेर" ओरडायचं. रुखसारचे पाय दुखायचे, ती शिव्या द्यायची, पण उठायची नाही. दहातले निम्मे जमायचे, निम्मे नाही. पट्टी होती तेव्हा जवळपास सगळेच जमत होते. मी रोज घरी जाताना या दोन गोष्टी मनात शेजारी शेजारी ठेवायचे, आणि एखाद्या दिवशी धीर सुटून रडायचे. तेवढ्यापुरतं रडू येऊ लागलं होतं. खेळासाठी. बाबांसाठीचं अजून कुठेतरी अडलेलं होतं.

*

नागपूरला निवडीच्या शेवटच्या सामन्यात रुखसार आणि मी एकाच संघात होतो. आई पाहायला आली होती. उन्हासाठी छत्री आणि सगळ्या मुलींना पुरतील एवढे धपाटे घेऊन. निवड समितीच्या त्याच बाई सावलीत बसल्या होत्या.

पहिल्या वेळी मी घोट्याशी आलेल्या चेंडूवर बॅट फिरवून बाद झाले. अगदी पूर्वीसारखी. बाकावर येऊन बसले तेव्हा बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. दुसऱ्या वेळी टोला लांब गेला, पण कुंपणाशी झेलला गेला.

तिसऱ्या वेळी मी उभी राहिले तेव्हा सामना बरोबरीत होता. पिचर केरळची, उंच, तिचा चेंडू शेवटच्या क्षणी खाली वळायचा. मी मान वळवून मागे पाहिलं.

"काय पाहून राहिली गं सारखी?" पंच वैतागून म्हणाले. ते यवतमाळचे होते.

"स्टंप नाहीत ना, ते पाहते, सर."

"हे बेसबॉल आहे."

"हो सर. मनगटांना सांगते."

मास्कमागे ते हसले असावेत. एक चेंडू आत आला, मी मारला, पण तो कडेच्या रेषेबाहेर गेला, म्हणून स्ट्राइक. दोन बाहेरचे मी सोडले. एक मी सोडला आणि तो आतला निघाला, दुसरा स्ट्राइक. आणखी एक बाहेरचा. आता तीन बॉल, म्हणजे तीन बाहेरचे, आणि दोन स्ट्राइक. पुढचा चेंडू सगळं ठरवणार होता. तो मारायला जाऊन हुकला तर मी बाद. आतला असून सोडला तरी बाद.

मी मागे वळून पाहिलं. समोरच्या संघाची कॅचर, पंच आणि मोकळं मैदान.

चेंडू सुटला. छातीच्या उंचीवर, सरळ, मारण्याजोगा. माझं सगळं अंग त्याच्याकडे निघालं. आणि मग मला त्याची शिवण दिसली, फिरताना, आणि मी ओळखलं की हा असा राहणार नाही. कुणीही पदर धरला नाही. मीच थांबले. चेंडू खाली वळला आणि घोट्याजवळून कॅचरच्या हातात गेला.

"बॉल फोर," पंच म्हणाले.

मी बॅट खाली ठेवली.

होम प्लेटपासून पहिल्या बेसपर्यंतचं अंतर, पट्टीचे दिवस सोडले तर, मी आयुष्यभर पळत कापलं होतं. पळताना ते कळतही नाही. चार चेंडू सोडल्यावर मात्र ते चालत जायचं असतं, कुणी घाई करत नाही. मी चालू लागले. समोर पांढरा चौकोन होता. अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की मी बाबांकडे चाललेय. इतकी वर्षं ते तिथे उभे होते, आणि मी त्यांच्यासमोरून पळत गेले होते, नाहीतर त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते. हुंदका घशाशी आला. मी सवयीने वाट पाहिली, की आता तो थबकेल.

तो थबकला नाही.

संघात माझं नाव आलं, शेवटून दुसरं. पण ते संध्याकाळी. तेव्हा मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मी भर मैदानात, सगळ्या समितीसमोर, लहान मुलासारखी रडत चालले होते आणि मला ते आवरायचं नव्हतं. प्रेक्षकांत आई उभी राहिली होती. तिची छत्री कलंडली होती.

चौकोनात रुखसार उभी होती. हिचा नंबर लांब होता, म्हणून हिला पाठवलं असेल, असं मला वाटलं. तिने खिशातून रुमाल काढला. मला वाटलं, डोळे पुसायला देतेय. तिने रुमालाची गाठ सोडली. आईने सकाळीच तो तिच्याकडे दिला असणार.

टक्.

मी बेसवर पाय ठेवला आणि थांबले.

"टाइम पाहिजे का? खेळ थांबवू थोडा?" पहिल्या बेसच्या पंचांनी माझ्याकडे बघून विचारलं.

"नको, सर," रुखसारच म्हणाली. "हिचा थांबा होता. थांबली."

मी तिथे उभी राहून रडले, पुढची खेळाडू बॅट घेऊन येईपर्यंत, तिने पायाखालची माती नीट करेपर्यंत. दोन शब्द बोलता येतील, असं बाबा म्हणायचे. मला एकच सुचला, आणि तो मी मनातल्या मनात त्यांना हाक मारल्यासारखा म्हटला.

मग बॅटचा आवाज झाला. चेंडू दोन फील्डरच्या मधून उजव्या मैदानात गेला.

टक् टक्.

नाक पुसायला वेळ नव्हता. मी तशीच सुटले.